चिनी डॉक्टरची उधारीची वही



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात दातांच्या तपासणीचे शिबिर झाले. तपासायला आलेल्या मुलींपैकी एक आमच्याच वस्तीतली. बाप हमाली करतो, पोरगी सरकारी दंत महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. पांढरा कोट घालून ती आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात टॉर्च मारून बघत होती तेव्हा पुष्कळांचे डोळे भरून आले. माझी पाळी आली. माझे तोंड बघून ती म्हणाली, "मावशी, तुमच्या वयाच्या मानाने दात फार चांगले राहिलेत. कोणी सांभाळायला शिकवलं?"

मी म्हटले, "एका चिनी माणसानं."

ती हसली. तिला थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती. म्हणून आज त्या माणसाविषयीच लिहिते. तो फार मोठा माणूस नव्हता. त्याचा पुतळा कुठे नाही, नाव कुठल्या रस्त्याला नाही. त्याचे कुटुंब आज जिथे असेल तिथे सुखात असो, म्हणून त्याचे नाव मी इथे देत नाही. आमच्या गावात तसेही त्याचे नाव कोणाला धड उच्चारता येत नव्हते. सगळे त्याला 'चिनी डॉक्टर' म्हणत.

आमचे गाव रेल्वेचे. माझे वडील गँगमन. स्टेशनातून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सायकलच्या दुकानाला लागून त्याचे दुकान होते. दारावर पाटी, पाटीवर रंगाने काढलेली भली मोठी कवळी, गुलाबी हिरड्या आणि पांढरेशुभ्र दात. आम्ही पोरे त्या पाटीला भीत असू. आत एक लाकडी खुर्ची, पितळेचे तस्त, आणि पायाने चालवायचे दात कोरण्याचे यंत्र. शिंप्याच्या मशीनसारखे ते पायाने हाणायचे आणि वर सुई गरगर फिरायची. पुढे मी वाचले की असले यंत्र अमेरिकेत मॉरिसन नावाच्या दंतवैद्याने १८७१ साली काढले. वीज नसलेल्या गावांना ते मोठे वरदान ठरले.

हा माणूस इतक्या लांबून आमच्या गावात आला कसा? लहानपणी हा प्रश्न पडला नाही. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्याकडून, तिच्या आईकडून तुकड्या-तुकड्याने ऐकले. पुढे मोठेपणी पुस्तकांतून बाकीचे जुळवले.

चीनच्या मध्यभागी हुपेई नावाचा प्रांत आहे. त्यात हान नदीच्या काठी तिएनमेन नावाचा मुलूख आहे. जमीन सखल, नदीला वारंवार पूर. पूर आला की शेत गेले, घर गेले. मग तिथली माणसे बायकापोरांसह गाव सोडून निघत. छोटा ढोल वाजवून गाणी म्हणत, कागदाची फुले करून विकत, आणि मिळेल त्या वाटेने पुढे पुढे जात. १९३१ साली तर यांगत्से आणि तिच्या भोवतालच्या नद्यांना असा महापूर आला की विसाव्या शतकातल्या सर्वांत भयंकर पुरांत त्याची गणना होते. हानकौसारखे मोठे शहर पाण्याखाली गेले. आमचा चिनी डॉक्टर त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा होता.

या फिरत्या लोकांचा आणखी एक धंदा होता, दातातला किडा काढण्याचा. दुखणाऱ्या दाताजवळ काडी न्यायची, हातचलाखी करायची आणि 'हा बघा किडा' म्हणून दाखवायचे. आपल्याकडेही जत्रेत, बाजारात असले लोक बसत. आपण आजही म्हणतोच की, दाताला कीड लागली! दातात किडा असतो ही समजूत हजारो वर्षांची, जगभरची. पण किडा नसतोच. फ्रान्समधल्या फोशार नावाच्या दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात ही समजूत खोटी ठरवली. मग १८९० च्या सुमारास मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने खरे कारण मांडले. तोंडात सूक्ष्म जंतू असतात. आपण खाल्लेल्या गोडावर, पिठावर ते जगतात आणि आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दात झिजून खड्डा पडतो. इतके साधे आहे ते.

त्याच लोकांतल्या पुष्कळांनी पुढे खोटा धंदा सोडला आणि खरी विद्या धरली. दात काढणे, दात भरणे, कवळी बसवणे ते शिकले. मामाने भाच्याला शिकवले, बापाने पोराला. बघता बघता आग्नेय आशियातल्या आणि भारतातल्या कितीतरी गावांत हुपेईचे लोक दातांचे कारागीर म्हणून ओळखले जाऊ लागले. भोंदूगिरीतून विद्येकडे गेलेल्या माणसांची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

भारतात चिनी माणसे काही तेव्हा नवी नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस वॉरन हेस्टिंग्जच्या काळात एक चिनी व्यापारी कलकत्त्याजवळ जमीन घेऊन उसाचा कारखाना काढून बसला. त्याच्या नावाने त्या गावाला आजही आचिपूर म्हणतात. पुढे लोक येत गेले आणि प्रत्येक मुलखाच्या माणसांनी एक एक धंदा धरला. कँटनचे लोक सुतारकामात गेले. हाक्का लोकांनी जोडे आणि चामड्याचे काम धरले. हुपेईचे लोक दातांकडे वळले.

वाचकहो, जरा विचार करा. चामडे कमावण्याचे काम या परक्या लोकांना इतके मोकळे का मिळाले? कारण इथल्या वरच्या म्हणवणाऱ्या जातींनी ते विटाळाचे ठरवले होते. दाताचे काम म्हणजे तरी काय? दुसऱ्याची थुंकी, दुसऱ्याचे रक्त, दुसऱ्याच्या उष्ट्या तोंडात घातलेली बोटे. तेही किती जण खुशीने करणार होते?

आमचा चिनी डॉक्टर बोटीने कलकत्त्याला उतरला आणि मामाच्या दुकानात राहिला. पहिले वर्षभर त्याने नुसती तस्ते धुतली, झाडलोट केली. मग प्लॅस्टर कालवायला मिळाले. मग मेणात दात बसवायला. माणसाच्या तोंडात हात घालायला मिळाला तो तिसऱ्या वर्षी. पुढे एक पत्र्याची ट्रंक घेऊन तो रेल्वेच्या रुळांच्या वाटेने निघाला. जत्रा असेल तिथे, बाजार असेल तिथे चार दिवस बसायचे, पुढे जायचे. आमच्या गावात आला आणि थांबला. कारण विचारले तर म्हणायचा, "रेलवे का आदमी, तनखा का आदमी. महीने में एक दिन पैसा जरूर आता है."

पगारदार कामगार उधारी फेडतो, हे त्याने ओळखले होते. त्याच्याकडे एक लांबोडकी वही होती. त्यात कोणाचे किती, कोणी कितीचा हप्ता दिला, हे तो चिनी अक्षरांत, वरून खाली लिहायचा. अख्ख्या गावात ती वही फक्त त्यालाच वाचता येत होती. तरी तिच्यावरून भांडण झालेले कोणी ऐकले नाही.

१९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. कायदा चांगलाच होता. कोणीही उठावे आणि लोकांचे दात उपटावे, हे थांबायलाच हवे होते. त्या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात पदवीवाले. 'ब' भागात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षे याच कामावर पोट भरलेले. आता पाच वर्षे काम केले हे सिद्ध कसे करायचे? चिनी डॉक्टरने आपल्या जुन्या उधारीच्या वह्या काढल्या. पण चिनी अक्षरे वाचणार कोण? मग ज्यांचे दात त्याने काढले, बसवले होते अशा रेल्वेच्या कामगारांनी कागदावर सह्या केल्या, अंगठे उठवले. त्यात आमच्या वस्तीतले सात-आठ अंगठे होते. एक माझ्या आजोबांचा. तो कागद कामी आला. दाखला मिळाला. त्याने तो काचेत बसवून खुर्चीसमोर लावला. अडाणी माणसांच्या अंगठ्यांवर उभी राहिलेली ती डॉक्टरकी होती.

आता माझ्या आजीची गोष्ट सांगते.

आजीचे दात साठीच्या आतच गेले. भाकरी पाण्यात भिजवून, चुरून ती गिळायची. हरभरे, शेंगदाणे, काकडी सगळे सुटले. गावात एक वैद्य होते. त्यांच्याकडे आमची माणसे गेली तर पुडी वरून टाकायचे आणि जीभ लांबूनच बघायचे. १९६१ साली वडिलांनी आजीला चिनी डॉक्टरकडे नेले. मी बरोबर होते. आजी दाराबाहेरच बसली, चपला जिथे काढतात तिथे. सवयच तशी होती. तो बाहेर आला, आजीचा दंड धरून तिला उठवले आणि त्याच लाकडी खुर्चीवर बसवले, जिच्यावर सकाळीच बाजारातला सराफ बसून गेला होता. मग हात धुऊन त्याने सरळ तिच्या तोंडात बोटे घातली. हिरड्यांवरून बोट फिरवले, कुठे उंच कुठे खोल ते चाचपले.

बाहेर आल्यावर आजी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पोरी, त्यानं माह्या तोंडात हात घातला. किळस नाही केली."

कवळी व्हायला पंधरा दिवस लागले. मी शाळा सुटली की त्याच्या मुलीबरोबर तिथे बसून बघायची. आधी मऊ केलेला मसाला तोंडात दाबून हिरड्यांचा ठसा घेतात. ठशात प्लॅस्टर ओतून तसाच्या तसा जबडा तयार करतात. त्यावर मेण लावून एक एक दात बसवतात. मग माणसाला बोलवून तोंडात घालून बघतात, चावा बरोबर येतो का, ओठ वर उचलतो का. सगळे जमले की ते पितळेच्या डब्यात बंद करून उकळत्या पाण्याने मेण काढून टाकतात आणि त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक भरून शिजवतात. शेवटी घासून, चकाकी देऊन कवळी तयार. पूर्वी कवळ्या गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या असत. ॲक्रिलिक आल्यावर त्या हिरड्यांसारख्या दिसू लागल्या.

पूर्ण कवळीचे साठ रुपये ठरले. आमच्यासाठी ती फार मोठी रक्कम होती. दर महिन्याला पाच रुपये हप्ता. वहीत आजीच्या नावाची ओळ लिहिली गेली. त्या दिवाळीत आजीने दातांनी चकली फोडली. अख्खी वस्ती बघायला आली होती.

मग १९६२ आले. ऑक्टोबरच्या २० तारखेला चीनने हल्ला केला, नोव्हेंबरच्या २१ तारखेला लढाई थांबली. महिनाभराची लढाई, पण देश हादरला. आपले जवान बर्फात पुरेशा गरम कपड्यांविना लढले. लोकांचा संताप खराच होता. पण तो संताप कोणावर निघाला? जी चिनी माणसे पिढ्यान्पिढ्या इथे राबत होती, त्यांच्यावर. कायद्यात बदल झाला. ज्याचा बाप किंवा आजा चिनी, तो इथे जन्मलेला असला तरी त्याला परका धरता येऊ लागले. आसाम, बंगाल, शिलाँग इथून सुमारे ३ हजार माणसे, म्हाताऱ्या-पोरांसकट, आगगाडीत घालून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेली. आसामात माकुम नावाचे गाव आहे. तिथली भरलेली चिनी वस्ती अशीच रिकामी झाली. दोन हजारांहून अधिक माणसांना १९६३ साली बोटींतून चीनला पाठवले. त्यांतल्या कित्येकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. देवळीतली शेवटची माणसे सुटायला १९६७ साल उजाडले. सुटून आले तर घरदार, दुकान दुसऱ्याचे झालेले.

आमच्या चिनी डॉक्टरला छावणीत नेले नाही. पण पोलीस ठाण्यात हजेरी लागली. परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही, असा हुकूम झाला. दात, ॲक्रिलिकची पूड, प्लॅस्टर हे सगळे तो मोठ्या शहरातून स्वतः जाऊन आणायचा. ते बंद झाले. त्याच्या बायकोचे माहेर माकुमचे. तिकडून पत्र येणे थांबले. एका रात्री कोणीतरी पाटीवर दगड मारले. रंगवलेल्या कवळीचे पुढचे दात उडाले. सकाळी लोक ते बघून हसत होते. त्या हसणाऱ्यांत त्याच्याकडून दात बसवून घेतलेले लोकही होते.

त्याची मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. आली तेव्हा तिच्या बाकावर कोणी बसेना. मीही दोन दिवस बसले नाही. दहा वर्षांची होते मी. हे लिहिताना आजही लाज वाटते. बाजूला बसवणे म्हणजे काय हे आमच्या घरात कोणाला शिकवावे लागत नव्हते. आणि तरी मी तेच केले. तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे नुसते बघितले, काही बोलली नाही. मी दप्तर उचलून तिच्याजवळ जाऊन बसले. त्यात माझा काही मोठेपणा नाही. दोन दिवस उशीरच झाला होता.

घरातही एक गोष्ट झाली. आजीच्या कवळीचे पंचवीस रुपये द्यायचे राहिले होते. त्या महिन्यात वडिलांनी हप्ता दिला नाही. पुढच्या महिन्यातही नाही. आईने विचारले तेव्हा म्हणाले, "आता कोण मागाले येते? दुकान बंद, माणूस ठाण्यात हजेरी देऊन राह्यला. अर्ध्या गावानं देणं बंद केलं." वडील वाईट माणूस नव्हते. घरात खाणारी सात तोंडे होती आणि पाच रुपये म्हणजे पाच रुपये होते.

आजी कोपऱ्यात जेवत होती. तिने सगळे ऐकले. मग तोंडातून कवळी काढली, धुतली, आणि वडिलांच्या ताटाजवळ ठेवली. म्हणाली, "मंग हे दात चोरीचे झाले. चोरीच्या दातानं मी भाकर नाही खात."

वडील रागावले. मग समजूत घातली. आजी ऐकेना. पुन्हा भाकरी भिजवू लागली. "तुह्या बापानं त्याच्यासाठी अंगठा देल्ला होता. त्या अंगठ्याची लाज राख," एवढेच म्हणायची. अकरा दिवस कवळी फळीवर पाण्याच्या वाटीत पडून होती. आम्ही पोरे तिच्याकडे बघत जेवायचो. असे जेवण घशाखाली उतरत नाही.

बाराव्या दिवशी आईने विड्या वळून साठवलेले पैसे लुगड्याच्या गाठीतून सोडले. वडिलांनी आपल्याजवळचे घातले. पंचवीस झाले. आई आणि मी गेलो. दुकानाचे एकच फळकूट उघडे होते. आत तो अंधारात बसून दाते नसलेली, अर्धवट राहिलेली एक कवळी घासत होता. माल नव्हता, काम नव्हते, तरी हात चालू. आईने पैसे पुढे ठेवले. त्याने वही काढली. पाने उलटली. आजीची ओळ सापडली. पैसे मोजले, वहीत लिहिले, आणि त्या ओळीवर सरळ एक रेघ ओढली. वहीच्या त्या पानावर रेघ नसलेल्या किती ओळी होत्या ते मला दिसले.

मग तो काय बोलला? आभार मानले नाहीत. लोकांना नावे ठेवली नाहीत. विचारले, "माताजी का दाँत ढीला हुआ क्या? साल में हड्डी बैठ जाता है. भेज दो, ठीक करेगा. पैसा नहीं."

मग त्याने आईकडे बघितले. आई बोलताना पदर तोंडावर धरायची. तो म्हणाला, "मिश्री लगाता है?" आईने मान खाली घातली. त्याने मला जवळ बोलावून माझे दात बघितले आणि आईला म्हणाला, "आप नहीं छोड़ेगा तो ये भी सीखेगा."

मायबहिणींनो, हे वाक्य मी तुमच्यासाठी मुद्दाम इथे आणले आहे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरे काही नाही. दात स्वच्छ होतात, दुखणे थांबते, पोट साफ होते, म्हणून आपल्या बायका ती लावतात. दुखणे थांबत नाही, तंबाखूने बधिरपणा येतो इतकेच. आणि मग सकाळी लावल्याशिवाय चैन पडत नाही, कारण ते व्यसन आहे. हिरड्या दातांपासून सुटतात, दात हलतात, गालाला पांढरे-लाल चट्टे येतात, आणि त्यातून तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. गरोदरपणी तंबाखू पोटातल्या लेकराचे वजन कमी करते. आईला मिश्री सोडायला दोन वर्षे लागली. आधी दिवसातून चार वेळा होती ती दोन वेळा केली, मग एकदा, मग नाही. पण मी मात्र कधी बोट लावले नाही. त्या डॉक्टर झालेल्या पोरीने माझे दात बघून विचारले, त्याचे उत्तर हे असे आहे.

पुढचे थोडक्यात सांगते. आजीची कवळी त्याने फुकट नीट करून दिली. आजी आणखी नऊ वर्षे जगली आणि शेवटपर्यंत त्याच दातांनी जेवली. १९६३ नंतर गाव हळूहळू पुन्हा त्याच्याकडे जाऊ लागले, कारण दात दुखू लागला की माणूस देश विचारत नाही. काहींनी जुनी उधारी फेडली, काहींनी नाही. ज्यांनी फेडली नाही त्यांचेही दात तो काढतच राहिला.

त्याचा मुलगा बापाच्या हाताखाली सगळे शिकला. बापाइतकाच हात बसला होता. पण 'ब' भागाची दारे पहिल्या नोंदणीनंतर बंद झाली होती. पदवीशिवाय त्याला दंतवैद्य म्हणून बसता येणार नव्हते. तो मोठ्या शहरात जाऊन कवळ्या बनवणारा मेकॅनिक झाला. दुसऱ्यांच्या दवाखान्यांसाठी दात करायचा. बापाने मुलीला मात्र शिकवायचेच ठरवले होते. म्हणायचा, "हाथ का काम कोई भी छीन सकता है. कागज चाहिए." १९७८ साली दुकान बंद झाले आणि ते कुटुंब कलकत्त्याला गेले. तिकडच्या पुष्कळ चिनी कुटुंबांप्रमाणे त्यांच्यातले काही पुढे कॅनडात टोरांटोला गेले, एवढे कानावर आले.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून आठवते. १९३८ साली जपान चीनवर तुटून पडला होता तेव्हा भारतातून पाच डॉक्टर तिकडे मदतीला गेले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस परत आलेच नाहीत. जखमींची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तीसाव्या वर्षी, तिथेच वारले. चीनमध्ये त्यांचे नाव आजही आदराने घेतात. सोलापूरचा डॉक्टर चीनच्या मातीत गेला. चीनचा एक पोरगा आमच्या गावात येऊन आमच्या म्हाताऱ्यांना भाकरी चावायला लावून गेला. पहिल्याची आठवण दोन्ही देशांनी ठेवली. दुसऱ्याची आपण तरी ठेवायला नको का?

आता कामाचे दोन शब्द. घरात कोणाला कवळी असेल तर रात्री काढून पाण्यात ठेवायला सांगा. उकळत्या पाण्यात टाकू नका, ती वाकडी होते. रोज ब्रशने घासा. वर्ष-दोन वर्षांनी सैल झाली की फेकून देऊ नका, आतून भर घालून नीट करता येते. जबड्याचे हाड झिजते म्हणून ती सैल होते, यात कवळीचा दोष नसतो. लेकरांचे वीस दुधाचे दात 'पडणारच आहेत' म्हणून किडू देऊ नका, त्यांच्याच वाटेने पक्के दात येतात. रात्री चूळ भरून, दात घासून झोपवा. आणि मोठ्या शहरातल्या सरकारी दंत महाविद्यालयात कमी पैशांत चांगले काम होते. तिथे जायला लाजू नका.

शिबिराच्या शेवटी मी त्या मुलीला ही सगळी गोष्ट सांगितली. तिने पांढऱ्या कोटाच्या खिशातून डायरी काढली. तपासलेल्या म्हाताऱ्यांची नावे त्यात होती. कोणाला कवळी लागेल, कोणाचा दात काढावा लागेल, सगळे नीट लिहिलेले. वरून खाली, एकाखाली एक.

मी तिला एवढेच म्हटले, "बाई, ही वही जपून ठेव."